दोन सुलोचना, एक चुकलेला फोटो आणि यंदाचा कार्यक्रम. काय सांगू, काय वाजवू?

वाचनालयवाली:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या इथल्या छोट्या वाचनालयात दर डिसेंबरात आम्ही गेलेल्या कलाकारांच्या आठवणीचा कार्यक्रम करतो, फोटोला हार, दोन शब्द आणि शेवटी चहा. मागच्या वेळी बोर्डावर नाव लिहिलं सुलोचना चव्हाण आणि खाली फोटो लागला सुलोचनादीदींचा, म्हणजे सिनेमातल्या आईचा. प्रिंट काढणाऱ्या मुलाने नेटवर पहिला दिसला तो उचलला आणि आमच्यापैकी कोणीही नीट बघितलं नाही. पहिल्या रांगेतल्या एक आजी काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही लावणीवाली नव्हे गं." मला फार लागलं ते. आयुष्यभर गायलेल्या बाईला निरोप देताना आपण तिचा चेहराही चुकवतो म्हणजे काय!

दोघी सहाच महिन्यांच्या अंतराने गेल्या, चव्हाण १० डिसेंबर २०२२ ला आणि दीदी ४ जून २०२३ ला. यंदा अर्धा तास दोघींनाच द्यायचाय. पुरस्कारांची यादी वाचायची नाहीये, काम दाखवायचंय. अजून एक, कमिटीतले एक काका म्हणतायत की श्रद्धांजलीला लावणी वाजवणं बरं दिसत नाही. त्यांना काय सांगू?

ढोलकीवाला:
ताई, काकांना आधी सुलोचना चव्हाणबाईंचा स्टेजवरचा व्हिडिओ दाखवा. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, माईकसमोर सरळ उभ्या, हातवारे जवळजवळ नाहीतच, आणि जे काय करायचं ते सगळं आवाजात. "मला हो म्हणतात लवंगी मिरची" यातला तो "हो" ऐका, जेमतेम एक मात्रा असेल, पण तो असा काही सोडलाय की समोरची बाई डोळ्यापुढे उभी राहते, मान वेळावून बोलणारी. मी ढोलकी वाजवतो, माझ्या गुरुजींनी मला ठेका शिकवताना ही रेकॉर्ड लावली होती आणि सांगितलं होतं की ढोलकीकडे लक्ष देऊ नकोस, बाई शब्द कुठे टाकतायत ते बघ. ते गाणं १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा'मधलं, जगदीश खेबूडकरांचं, संगीत वसंत पवार. दोनच वर्षांनी 'सवाल माझा ऐका'मध्ये 'सोळावं वरीस धोक्याचं' आलं, तेही याच जोडीचं. ही शब्दफेक बाईंना शिकवली त्यांच्या यजमानांनी, श्यामराव चव्हाणांनी. आणि लावणीसम्राज्ञी हे नाव दिलं आचार्य अत्र्यांनी.

ज्या काळात घरात लावणी लावली तर खिडक्या बंद करायचे त्या काळात या बाईंनी ती रेडिओवरून माजघरात नेली. म्हणून लावणीच वाजवा. दुसरं काही वाजवलंत तर ती त्यांची आठवण होणारच नाही.

जुन्या_तबकड्या:
वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत, फक्त एक भर घालतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लग्नाआधी त्या सुलोचना कदम, गिरगावातल्या, आणि त्या नावाने त्यांनी हिंदी सिनेमात भरपूर गायलंय. 'ढोलक' नावाचा १९५१ चा सिनेमा आहे, संगीत श्यामसुंदरचं, त्यातलं 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर' ऐका. जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन हे गाणं जपून ठेवतात पण ही सुलोचना कदम म्हणजे आपल्या सुलोचना चव्हाण हे सांगितलं की चकित होतात. हे गाणं आणि लवंगी मिरची पाठोपाठ वाजवा, मध्ये काही बोलू नका, आणि मग विचारा लोकांना की हा एकच गळा आहे हे ओळखलं का.

पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, नव्वदीला टेकल्यावर, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. निदान जिवंतपणी मिळाली म्हणायचं, पण मला अजून वाईट वाटतं. इतका उशीर का?

कोल्हापूरकर:
दीदींबद्दल मी सांगतो. त्या खडकलाटच्या, आमच्यापासून जवळच, आता ते बेळगाव जिल्ह्यात येतं. कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या. 'मराठा तितुका मेळवावा'मधल्या जिजाऊ त्याच. हिंदीतल्या लोकांना 'सुजाता'तली आई आठवते, नाहीतर 'जॉनी मेरा नाम'मधली.

पण तुम्ही 'मोलकरीण' दाखवा, १९६३ चा. स्वतःच्या मुलाच्या घरी आई मोलकरीण होऊन राहते आणि कोण आहे ते सांगत नाही. 'देव जरी मज कधी भेटला' हे गाणं तिथलं. गाणं आशाबाईंचं, हे मुद्दाम सांगा, कारण नावं सारखी असल्यामुळं खूप जण समजतात की सुलोचनाबाईंनीच गायलंय. दीदी गायिका नव्हत्या, त्या फक्त चेहऱ्यानं गातात. डोळे भरलेत पण पाणी खाली येऊ देत नाहीत. आमच्या आईनं हा सिनेमा थेटरात पाहिलेला, ती अजून हे गाणं लागलं की हातातलं काम थांबवते.

जुन्या_तबकड्या:
आणि फोटो शोधताना अजून एक काळजी घ्या. तिसऱ्याही एक सुलोचना आहेत, मूकपटातल्या रूबी मायर्स, त्यांना फाळके पुरस्कार १९७३ चा. नुसतं सुलोचना टाकून शोधलं तर त्यांचेही फोटो येतात.

वाचनालयवाली:
खूप खूप आभार सगळ्यांचे, डोळ्यात पाणी आलं वाचताना. काकांना व्हिडिओ पाठवला, त्यांचा उलटा मेसेज आला की बाईंची 'फड सांभाळ' ही लावणी पण ठेवा. क्रम असा ठरवलाय, आधी 'ढोलक', मग लवंगी मिरची, मग 'मोलकरीण'मधलं गाणं मोठ्या पडद्यावर. आणि दोन्ही फोटो घेऊन मी उद्या त्या आजींच्या घरी चाललीये, त्यांनी बघून हो म्हटलं की मगच प्रिंटला देणार.