पांढरी कड अल्फात नाही, खालच्या रंगात आहे
गेमच्या टेक्श्चरमध्ये (मॉडेलवर चढवायच्या चित्रात) पारदर्शक भागाभोवती पांढरी कड दिसते. डीएक्सटी १ सोडून डीएक्सटी ५ मध्ये (हे टेक्श्चर दाबून साठवायचे दोन प्रकार) सेव्ह केलं की ती जाते, असं एकांनी म्हटलंय; ते मला अर्धंच पटलं. डीएक्सटी १ मध्ये अल्फाला (पारदर्शकतेच्या माहितीला) एकच बिट, म्हणजे पिक्सेल एकतर दिसणार नाहीतर नाही. डीएक्सटी ५ मध्ये कडा मऊ होतात हे खरं. पण १०२४ बाय १०२४ चं टेक्श्चर मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान प्रती) न धरता ५१२ केबीवरून १ एमबीवर जातं आणि कड तरीही राहू शकते.

इंदूरच्या राजवाड्याच्या वरच्या लाकडी मजल्यांचे फोटो काढून मी गेमच्या एका मॉडसाठी (हौशी लोकांनी गेममध्ये केलेल्या बदलासाठी) झरोक्यांची जाळी करत होतो. लाकूड काळपट आणि प्रत्येक भोकाभोवती पांढरी रेघ, फार खुपायची. दोन रात्री अल्फाचा मास्कच (कुठे दिसायचं, कुठे नाही तो आकार) कोरत बसलो. मग अल्फा बंद करून नुसता आरजीबी (खालचा रंग) बघितला, तर भोकांत शुभ्र पांढरा रंग भरलेला! गेम टेक्श्चर लहानमोठं करताना शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळतो, आणि त्यात बहुतेकदा न दिसणाऱ्या पिक्सेलचा रंगही येतो. अल्फाला हात न लावता काठाचा लाकडी रंग आठ-दहा पिक्सेल आत पसरवला आणि रेघ गेली. जिम्प या चित्रं संपादायच्या सॉफ्टवेअरमधून पीएनजी काढत असाल तर पारदर्शक पिक्सेलचे रंग जपायच्या पर्यायावर टिक ठेवा, नाहीतर पसरवलेला रंग एक्सपोर्टमध्येच पुसला जातो.