जुन्या फार्गोची केबिन टाटा ४०७ च्या चेसिसवर चढवावी, की मूळ सांगाडाच दुरुस्त करावा?

ओळंबा (धागाकर्ता)
राम राम मंडळी. विषय जुनाच, पण टपरीवर दरवेळी चहासोबत संपतो. १९५० च्या आसपासची डॉज-फार्गो पिकअप आहे. केबिनचा पत्रा ठणठणीत, पण चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, मागच्या पाट्याच्या (पानांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे तो टांगायच्या कंसापाशी, कुजलेली. दुसरीकडे टाटा ४०७ ची चालती चेसिस कागदांसकट मिळते आहे. माझं मत सरळ आहे, केबिन उचलून ४०७ वर बसवावी. डिझेल इंजिन, ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारा), आणि सामान आर्वीपासून वणीपर्यंत कुठंही मिळतं. कपाशीच्या हंगामात पांदणीतून दीड टन ओढायचा तर अर्ध्या टनाच्या सांगाड्यावर भिस्त ठेवता येत नाही. विरोध असेल तर कारण द्या, नुसतं 'जुनं ते सोनं' नको.

गंजका पत्रा
विरोध आहे, आणि तो एका मापावरून आहे. फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधला आडवा पत्रा) पुढच्या एक्सलच्या मध्यापर्यंत किती भरतं ते आधी दोन्हीकडे मोजा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, नंतर बघू, तो मागे कमी-जास्त करता येतो. हे माप मात्र चुकलं की मडगार्डच्या कमानीत चाक मधोमध येत नाही आणि वळताना टायर घासतो.

४०७ ही पूर्ण नाकवाली गाडी नाही. इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये, दोन सीटांच्या मध्ये येतो. फार्गोचं इंजिन पूर्ण बॉनेटखाली. म्हणजे एकतर फायरवॉल आणि फरशी कापून इंजिनाला जागा करा, नाहीतर केबिन मागे सरकवा. मागे सरकवली की स्टिअरिंग कॉलम, क्लच-ब्रेकचे पेडल, गिअरचा दांडा, सगळंच मागे न्यावं लागतं आणि हौद्याची लांबी तेवढी जाते. वर ४०७ ची मागची चाकं जोडीची, ती फार्गोच्या अरुंद हौद्याबाहेर डोकावणार. बाहेर राहिलेल्या टायरमधून काळ्या मातीचा चिखल थेट दारावर.

अमेरिकेत असले बदल सर्रास होतात, पण ते एकाच कंपनीच्या हलक्या मॉडेलवरून जड मॉडेलवर जातात. फोर्डच्या १९४८ ते ५२ च्या एफ-१ पासून एफ-६ पर्यंत केबिन एकच होती, त्यामुळे केबिनपुरती कापाकापी नव्हती. डॉजच्या त्या काळच्या अर्ध्या टनाचा व्हीलबेस १०८ इंच, पाऊण टनाचा ११६, एक टनाचा ११६ किंवा १२६. तुम्हाला फार्गोचाच एक टनी सांगाडा मिळाला तर मी स्वतः हातभार लावीन. पण तो इकडं मिळणं म्हणजे मे महिन्यात वर्धा नदीला पूर.

वऱ्हाडी पाना
भाऊ, ४०७ कायले घेता? बोलेरो पिकअपची चेसिस पाहा ना. इंजिन पुढं बॉनेटखाली हाय, फायरवॉलची भानगड निम्म्यानं कमी. गंजका पत्रा भाऊचं माप बराबर हाय, पण त्यानं ४०७ बाद होते, अख्खा बेत नाही होत.

आता काम कसं करा लागते ते आयका. केबिन उचलाच्या आधी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाकून टॅक (वेल्डिंगचा बारीक टाका) मारा, दोन्हीकडं. हे नाही केलं तं चेनब्लॉकवर घेतल्याबरोबर केबिन ताणते, मंग दार जलमभर लागत नाही. नव्या चेसिसवर केबिनचे पाय कदीच जुन्या भोकात बसत नाही. चेसिसच्या उभ्या भिंतीवर कंस (ब्रॅकेट) बोल्टानं बसवा, ८.८ ग्रेडचा बोल्ट. वरच्या-खालच्या पट्टीले भोक पाडू नका आन् वेल्डिंगचा डाग बी देऊ नका, तिथूनच चीर जाते. केबिनच्या पायातल्या रबर बुशच्या आत लोखंडी नळी पायजेच, नाही तं नट आवळला का रबर चेपून भाकर होते आन् केबिन चेसिसले कडक बसते.

मंग पाइप काढाच्या आधी दाराच्या फटी पाहा. फरशीचा मधला भाग खचला तं दार वरून घासते, टोकं खचली तं वरची फट उघडते. त्यापरमानं पायाखाली पॅकिंग. घाई करून पाइप कापला का पुन्ना पहिल्यापासून.

कागद आधी
दोघंही लोखंडाबद्दल बोलताय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. नोंदणीतला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ मध्ये मालकाला शिक्षा आली, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

चेसिसवर जो नंबर, गाडी ती. केबिन फार्गोची असली तरी कागदावर ती ४०७ किंवा बोलेरोच राहणार, आणि तपासणीला उभी केली की रूप जुळणार नाही. आणखी एक तोटा कुणी बोलतच नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. चेसिस बदलली की हा दरवाजा बंद. आणि भंगारात काढून नोंदणी रद्द झालेली चेसिस असेल तर कागद नुसते रद्दीचे.

ओळंबा
कागदाचा मुद्दा मान्य, रस्त्यावर काढायची तर तो टाळता येत नाही. पण मूळ सांगाडा दुरुस्त करा म्हणणारे ती दुरुस्ती कशी धरेल ते सांगत नाहीत. हँगरपाशी कुजलेल्या जागी सगळा मागचा भार येतो. ठिगळ लावून दीड टन टाकला तर पहिल्याच नाल्यात मोडेल.

गंजका पत्रा
ठिगळ नीट लावलं तर धरतं. हातोडीनं ठोकत जा, खणखणीत आवाज येईपर्यंत कुजका भाग कापा. मूळ पट्टीइतक्याच जाडीचा चॅनल जागेवर घाला, आणि आतून दुसरी पट्टी जोडाच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे न्या. तिची टोकं तिरपी कापा. सरळ उभी कापली तर टोकाशी सांगाडा एकदम कडक होतो आणि तडा नेमका तिथंच पडतो. वेल्डिंगचा राड ७०१८ नंबरचा, तोही कोरडा. श्रावणात उघड्या पाकिटातला राड ओल धरतो, वेल्डमध्ये फुगे येतात, वरून दिसत नाहीत. बॅटरीची वायर आधी काढा. शेवटी ओळंबा सोडून (तुमच्याच नावाचा) गॅरेजच्या फरशीवर खडूनं खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक सहा मिलिमीटरच्या वर गेला तर सांगाडा वाकडा आहे.

आणि दीड टनाचा हट्ट कशाला? अर्ध्या टनाची गाडी अर्धा टन वाहील. कापसाला भाड्याची गाडी आहे की.

रिकामी गाडी
जड चेसिसवाल्यांना एक प्रश्न. वर्षातले किती दिवस ती भरून जाणार? जड पाट्यांवर हलकी केबिन आणि रिकामा हौदा ठेवला की मागचं टोक उडतं. ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी जाते. मग लोक पाट्यातली दोन पानं काढतात आणि गाडीची उंची बदलते. ज्या चेसिसला भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा त्या उंचीवरच लावलेला असतो. पानं काढली तर तो पुन्हा सेट करायचा. बहुतेक गॅरेजांत याकडे कुणी बघत नाही.

वऱ्हाडी पाना
हे मात्र सोळा आणे खरं. आन् वायरिंगचं बी पाहा. फार्गो ६ व्होल्टची, पॉझिटिव्ह अर्थ, म्हंजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीले जोडलेलं. चेसिस १२ व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ. बल्ब सगळे बदला, वायपरची मोटर तशीच जोडली तं जळते, अँपिअर मीटरच्या वायरी उलट्या करा. सर्वोचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवर असते, म्हणून अल्टरनेटर दुसरा टाकला तं ब्रेक दगड होते.

ओळंबा
ठीक. ४०७ माझ्याकडून बाद. बोलेरो अजून डोक्यात आहे, पण आधी फायरवॉलचं माप घेतो आणि सांगाड्यावर हातोडी मारून पाहतो, कुजकं किती खोल गेलंय ते.

गंजका पत्रा
चाकं उतरवताना एक सांभाळा. फार्गोच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडच्या (चाकाच्या बोल्टाच्या) टोकावर 'एल' कोरलेला दिसेल, गंजाखाली असला तर काचपेपरनं घासून बघा. सवयीनं पान्याला चार फुटी पाइप लावून नेहमीच्या बाजूला ओढला तर नट आणखी आवळतो आणि स्टड मुळातून तुटतो.