ठिबकचं अनुदान अडकलंय, तपासणी होऊन वर्ष होत आलं, नक्की अडकतं कुठे?

टेलचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहतो, नोकरी कंपनीत, शेत जिल्ह्याच्या पूर्वेला कॅनॉलच्या टेलला (शेवटच्या टोकाला), ते वडील बघतात. डाळिंबाला ठिबक केलं महाडीबीटीवरून (सरकारी योजनांचं ऑनलाइन पोर्टल). पूर्वसंमती (माल घ्यायची आधीची मंजुरी) आली मग माल घेतला, बिल अपलोड केलं, साहेब येऊन मोका तपासणी (शेतावर येऊन पाहणी) करून फोटो काढून गेले, त्यालाही आता वर्ष होत आलं आणि खात्यात एक रुपया नाही. डीलरला सगळे पैसे आम्ही आधीच दिलेत, त्यासाठी सोसायटीतून कर्ज काढलंय, ते पीक कर्ज नाही त्यामुळे शून्य टक्के वगैरे काही नाही, व्याज चालूच आहे. तालुक्याला विचारलं की एकच उत्तर, निधी आला की पडतील. वडील म्हणतात नाद सोड. पण मला एकदा कळू दे की फाईल नक्की कुठे थांबते आणि पुण्यात बसून मी काय करू शकतो? कृषी आयुक्तालय इथंच आहे, तिथे जाऊन काही होतं का?

गावठी_इंजिनिअर:
आयुक्तालयात जाऊन काही होत नाही दादा, ते परत जिल्ह्याला आणि जिल्हा परत तालुक्याला पाठवतो. दिव्याखाली अंधार.

जुना_कृषीवाला:
मी खात्यातूनच रिटायर झालोय त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. "निधी आला की पडतील" हे उत्तर खोटं नसतं पण अर्धवट असतं. आधी हे समजून घ्या की तुमचं अनुदान एका ठिकाणाहून येत नाही. केंद्राची 'प्रति थेंब अधिक पीक' योजना आहे, त्यातून अल्प-अत्यल्प भूधारकाला (म्हणजे 2 हेक्टरपर्यंत) 55 टक्के आणि बाकीच्यांना 45, त्यातही केंद्र 60 आणि राज्य 40 असा वाटा. त्याच्या वर राज्य आपल्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून 25 किंवा 30 टक्के पूरक देतं, म्हणून एकूण 80 आणि 75 होतं. पूरकचा हेड (निधीचं खातं) वेगळा, मंजुरी वेगळी. त्यामुळे पहिला हिस्सा पडून दुसरा लटकलेला असू शकतो, आणि लोकांना वाटतं काहीच आलं नाही किंवा कमी आलं. केंद्राचा पुढचा हप्ता सुटायला आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र जावं लागतं, ते रखडलं की सगळ्यांचंच थांबतं, यात तुमच्या कृषी सहायकाच्या हातात काही नाही, त्याला शिव्या देऊ नका. पण फाईल त्याच्याच लॉगिनला पडून असेल तर मात्र निधीचा संबंधच नाही. म्हणून आधी पोर्टलवर स्टेटस काय दिसतं ते इथे लिहा.

अजून एक, टक्के बिलावर धरू नका. लॅटरलच्या (ओळीत टाकायच्या ठिबकच्या नळ्यांच्या) अंतराप्रमाणे खर्चाचा मापदंड ठरलेला असतो, त्यावर टक्के लागतात. डीलरचं बिल त्याच्या वर असेल तर वरचे पैसे तुमचेच.

सीएससीवाली_ताई:
स्टेटस बघायच्या आधी आधारचं बँक सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा!! माझ्याकडे रोज अशी लोकं येतात. अर्जात कुठलंही खातं दिलं असलं तरी डीबीटी (थेट खात्यात येणारं अनुदान) आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतं. आधारच्या साईटवर वडिलांच्या नंबरने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' काढा, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येईल. आणि सातबारावरचं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत एकच आहे ना ते पण बघा. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढलाय ना? आता तो लागतोच.

भीमाकाठ:
मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. खडकवासल्याचं पाणी शहराला आधी, मग हवेली, मग दौंड, इंदापूर असं करत टेलला काय उरतं ते आम्हाला माहिती आहे. आणि वर आम्हालाच भाषण, मोकाट पाणी सोडू नका, ठिबक करा. बरं केलं. आता ज्याने ऐकलं तोच व्याज भरतोय आणि ज्याने उसाला पाट फोडून पाणी दिलं तो निवांत झोपलाय. आमच्या वाडीत आता नवीन पोरं ठिबकचं नाव काढलं की हसतात, आधी याचे पैसे येऊ देत मग बघू म्हणतात. पाणी वाचवायची योजना अशी बंद पडते, कोणी बंद न करता.

गावठी_इंजिनिअर:
भीमाकाठ +१. पण दादा ऊसवाल्यालाच कशाला, शहरातल्या हाउसिंग सोसायट्यांचे टँकर आणि गाड्या धुणारे पण आहेत की इथे 😅

टेलचा_शेतकरी:
ताई तुम्ही देव आहात. सीडिंग काढलं तर वडिलांनी दूध डेअरीच्या पेमेंटसाठी एक खातं उघडलं होतं, आधार त्याला जोडलेलं निघालं, पासबुक पेटीत तळाला. भरून आणलं तर एक रक्कम केव्हाच पडलेली आहे! घरात कोणाला पत्ता नाही, मेसेज जुन्या सिमवर जात होते. पण ती रक्कम मी धरलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आहे, म्हणजे जुन्या काकांनी सांगितलं तसं पूरकचा हिस्सा राहिलाय असं दिसतंय. आता त्याच्यासाठी कुठे जाऊ?

जुना_कृषीवाला:
छान झालं. आता तोंडी विचारू नका. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, उत्तर द्यायला त्यांना 30 दिवस असतात. "अनुदान का मिळालं नाही" असं लिहू नका, त्याला उत्तर "निधीअभावी" एवढंच येतं. कागद मागा: माझ्या अर्जाची मोका तपासणीची तारीख, पूरक अनुदानाच्या मागणीचं पत्र जिल्ह्याकडून वर कधी गेलं त्याची प्रत, आणि त्या यादीत माझा क्रमांक. यादीत नावच नसेल तर खरा घोळ तिथे आहे आणि तो तालुक्याला दुरुस्त करता येतो. यादीत असेल तर मात्र थांबावंच लागेल, तेव्हा सोसायटीच्या सचिवाला ती प्रत दाखवून हप्त्याचं बोलून घ्या. सोबत आपले सरकार पोर्टलवर तक्रार पण टाकून ठेवा, नंबर मिळतो तो जपा.

भीमाकाठ:
लोकशाही दिनाला पण नेता येईल, कलेक्टर ऑफिसला महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. पण पूर्ण दिवस मोडतो, रजा काढून जा.

नवखा_२:
मध्येच विचारतो, तुषार सिंचनाला पण असंच आहे का? आमचं अजून पूर्वसंमतीलाच आहे आणि डीलर म्हणतोय माल आत्ताच घेऊन जा, कागद मागून बघू.

सीएससीवाली_ताई:
तुषारला पण तेच. आणि पूर्वसंमतीच्या आधीची तारीख बिलावर आली तर अर्ज बाद होतो, डीलरला काय जातंय. थांबा.