मदत हवी आहे: नवीन पोरांना कुठल्या कामावर लावायचं, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग (ओतीव भाग) आमच्याकडं सीएनसी-व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) मशीनिंग होतं, तपासलं जातं आणि तेल लावून पॅक होऊन जातं. एचआर वगैरे काही प्रकरण नाही. हजेरी-पगार अकाउंटच्या मॅडम बघतात आणि नवा माणूस आला की 'जरा बघा याचं' म्हणून माझ्याकडं धाडला जातो.

या महिन्यात आठजण आलेत. तीन अप्रेंटिस (दोघांचा ट्रेड टर्नर, एकाचा फिटर), चार बारावी झालेली पोरं गडहिंग्लज-आजऱ्याकडची, आणि एक मेकॅनिकल डिप्लोमावाली मुलगी. रीत ठरलेली आहे. गेटवर शूज-गॉगल, पीएफचा फॉर्म, पासबुकाची झेरॉक्स, मालकांचं 'कंपनी आपलीच समजा' हे भाषण, चहा. चहा झाला की त्या दिवशी जिथं माणूस कमी असेल तिथं उभं. डिप्लोमावाली मुलगी एक्सेल भरत बसलीय, कारण तिला कॉम्प्युटर येतो! महिनाभरात निम्मी पोरं गळतात. कारण विचारलं तर 'घरी काम निघालंय'.

आता मुद्दा. आमचा एक बेअरिंग हाउसिंगचा जॉब आहे, 6206 नंबरचं बेअरिंग बसतं त्यात. म्हणजे बोअर (आतलं भोक) 62 मिमी एच7, मापात चालणारा फरक (टॉलरन्स) शून्य ते प्लस 30 मायक्रॉन. परवा पॅकिंगवर लावलेला फिटर पोरगा दोन पेट्यांच्या मधल्या वेळात सीएनसीपाशी येऊन उभा राहिला. ऑपरेटरनं जॉब काढला आणि लगेच बोअर गेज (भोक मोजायचं उपकरण) घातला. पोरानं कास्टिंगला हात लावून हळूच विचारलं, "दादा, गरम हाय की हे, आत्ताच मोजायचं?" बरोबर होतं त्याचं. जॉब वीसेक अंशांनी गरम असेल तर बिडाचा 62 चा बोअर 13 मायक्रॉनच्या आसपास मोठा दिसतो, म्हणजे जवळजवळ निम्मा टॉलरन्स तिथंच खाल्ला. जुन्या ऑपरेटरनं "तू पेट्या भर" म्हणून वाटेला लावलं.

असं पोरगं पॅकिंगवर सडवायचं का? पण आठांतलं कोण कुठं शोभेल हे पहिल्या आठवड्यात ओळखायचं कसं? लेखी परीक्षा घेऊन काही कळतं का? आणि डिस्पॅच बोंबलत असताना मालकांकडून त्यासाठी वेळ कसा काढून घ्यायचा? छोट्या शॉपमध्ये हे कुणी केलं असेल तर सांगा. मोठ्या कंपन्यांचं इंडक्शन ऐकून माहीत आहे, ते आम्हाला झेपणार नाही.

निवृत्त निदेशक: आधी अप्रेंटिसचं बघा. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 प्रमाणे त्याच्या प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम त्याला देता येत नाही, पीसरेटवर (नगामागं) पैसे देता येत नाहीत आणि प्रॉडक्शन इन्सेंटिव्हमध्येही ओढता येत नाही. 'तात्पुरतं पॅकिंग' कागदावर आलं तर अडचण तुमची आहे. मालकांना हे आधी सांगा, वेळ आपोआप निघेल. दुसरं म्हणजे, पोरगं ज्या आयटीआयचं आहे तिथल्या निदेशकांना (शिकवणाऱ्या मास्तरांना) फोन करा. फिटर-टर्नर दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. कुणाचा फाईलवर हात बसलाय आणि कोण नुसता जर्नल सुंदर लिहितो, ते एका वाक्यात सांगतील. कारखानदार हा फोन का करत नाहीत हे मला कधी कळलं नाही.

गेजवाला, चाकण: लेखी परीक्षा नको. टेबलावर पाच कास्टिंग मांडा: एकाला ब्लोहोल (ओतताना राहिलेलं हवेचं भोक), एकाचा बोअर अंडरसाईज, एकावर बर (कडेची धारदार कोर) तसाच, दोन चांगली. शेजारी व्हर्नियर, बोअर गेज, ड्रॉइंग ठेवा आणि लांबून बघा. 30 मायक्रॉन टॉलरन्सच्या बोअरला कोण व्हर्नियर लावतो (तो एवढं बारीक मोजत नाही), कोण गेज आधी मास्टर रिंगवर (ठरलेल्या मापाच्या कडीवर) शून्य करतो, कोण 'कळलं नाही' म्हणून विचारतो, कोण ठोकून देतो. विचारणाऱ्याला तपासणीत घ्या. ठोकून देणाऱ्याला इतक्यात मशीन देऊ नका, हात कितीही चलाख असला तरी. त्या मुलीलाही या टेबलाशी उभं करा, एक्सेल काय कुणीही भरेल.

शिकवायला टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) बघा. 1940 साली अमेरिकेत युद्धकाळातल्या नवख्या कामगारांसाठी निघालेली पद्धत, पुढं जपानमध्ये रुजली. माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर बघत राहा. तिचा जीव 'का' सांगण्यात आहे. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलताना 'सीट पुसून घे' एवढंच सांगितलं तर पोरगं दोन दिवस पुसतं. बारीक चिप खाली राहिली की इन्सर्ट नीट टेकत नाही आणि कट घेताना फुटतो, हे सांगून एकदा दाखवलं की कायम पुसतं. करताना त्याच्या तोंडून वदवून घ्या.

वाळूजकर: आठवडाभर फिरवणं छोट्या शॉपला परवडत नाही. आम्ही अर्धा दिवस फिरवतो, अर्धा दिवस प्रॉडक्शन. जोडी लावताना सगळ्यात तेज ऑपरेटर देऊ नका, शांत डोक्याचा द्या. आणि रंगांची चाचणी करून घ्या, इशिहाराच्या तक्त्यांवर (रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायचा) चटकन होते. आमच्याकडं एक चांगला पोरगा टॉवर लॅम्पचा (मशीनवरच्या इशाऱ्याच्या दिव्यांचा) लाल-हिरवा ओळखायचा नाही, सगळे त्याला बेफिकीर समजत होते. लाल वर, हिरवा खाली हे सांगितल्यावर निभलं, पण वायरिंगवर त्याला कधीच पाठवला नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. निदेशकांना आजच फोन लावला, फिटर पोरगा सोमवारपासून तपासणीत. मुलीला विचारलं तर म्हणाली, "सर, मला कुणी विचारलंच नव्हतं." तीही टेबलाशी येतीय.

एक अडतंय. जुन्या ऑपरेटरांना नगावर इन्सेंटिव्ह आहे. शिकवायला थांबले की नग कमी, म्हणून पोरांना पॅनेलला हातच लावू देत नाहीत. त्यांचंही चूक म्हणवत नाही.

वाळूजकर: शिकवायच्या तासांना त्याची मागच्या महिन्याची सरासरी धरा. आम्ही तेच करतो. मालक कुरकुरले तर नवख्यांच्या हातून झालेल्या रिजेक्शनचा महिन्याचा आकडा समोर ठेवा.

धागाकर्ता: तो आकडा आमच्याकडं वेगळा काढतच नाहीत, सगळं 'मशीनिंग रिजेक्शन'मध्ये जातं. उद्यापासून रिजेक्शनच्या वहीत ऑपरेटरचा कॉलम घालतो. कुणाकडं स्किल मॅट्रिक्सचा (कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा) मराठी तक्ता असेल तर फोटो टाका, इंग्रजी लावला तर कुणी वाचत नाही.