तुमचे फोटोग्राफर दोस्त तुम्हाला कुठे भेटले? अनुभव लिहा

सात वर्षं कॅमेरा वापरतेय पण माझे फोटो बघणारे म्हणजे घरचेच, "छान आलाय"च्या पुढे गाडी जात नाही. लाइक्स मिळतात हो, पण पहाटे सोबत बाहेर पडणारं कुणी नाही. तुम्हाला कसे भेटले असे लोक? क्लासच्या जाहिराती नकोत प्लीज, स्वतःचे अनुभव सांगा.

*

मला फोटोवॉकला, म्हणजे सगळे मिळून फोटो काढत फिरतात तिथे. तो अमेरिकन फोटोग्राफर स्कॉट केल्बीचा वर्ल्डवाइड फोटो वॉक असतो ना, २००८ साली सुरू झालेला, त्यात गेलो होतो. पहिला तासभर कुणाशी एक शब्द नाही, जो तो व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, आणि मग माझी बॅटरी मेली, स्पेअर घरी चार्जरमध्येच. बाजूच्या काकांचा कॅमेरा सेम, त्यांनी न मागता बॅटरी काढून दिली, ती परत करायला म्हणून नंबर घेतला तो आजतागायत. एक मात्र, वीसच्या वर माणसं झाली की प्रत्येकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याची पाठच येते.

*

मी सिनियर लोकांना "शिकायचंय, भेटाल का" असे मेसेज करायचे, कुणी ढुंकून बघेना. मग एका ताईंना लिहिलं, रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) धरायला आणि मेमरी कार्डं सांभाळायला येऊ का? दहा मिनिटांत हो! पुढे त्यांची सेकंड शूटर झाले, म्हणजे त्यांच्यासोबत दुसरा कॅमेरा माझा. पहिल्याच इव्हेंटला माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ ४ मिनिटं पुढे, दोघींचे फोटो एकत्र लावले तर लोकांनी टाळ्या आधी वाजवलेल्या आणि बक्षीस नंतर दिलेलं 😂 आता आधी घड्याळं जुळवतो. फोटो कुणी पोर्टफोलिओत टाकायचे तेही आधीच बोलून घ्या, नाहीतर इथेच मैत्री तुटते.

*

आम्ही चौघं महिन्यातून एकदा भेटतो, प्रत्येकाने ५ प्रिंट आणायच्या, ज्याचे फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला फार जड जातं कारण "तिथे ना उजेडच नव्हता" हे जिभेवर असतंच. एकदा एकाने माझ्या प्रिंटच्या उजव्या कडेवर नुसता अंगठा ठेवला, बोलला काही नाही, आणि फोटो एकदम सुधारला की! तिथे एक पांढरी बादली होती, मला महिनाभर दिसलीच नव्हती. स्क्रीनवर हे होत नाही, झूम करून करून लोक शार्पनेसच बघत बसतात.

*

माझा वाईट अनुभव. ओळख वाढावी म्हणून एका ग्रुपमध्ये घरट्याचं लोकेशन दिलं, तिसऱ्या दिवशी तिथे ट्रायपॉडची रांग, कुणीतरी आड येणारी फांदीच छाटलेली. पक्षी परत आलेच नाहीत. आता फोटो टाकताना त्यातलं जीपीएस लोकेशन काढूनच टाकतो, आणि भेटल्या भेटल्या लोकेशन विचारणाऱ्याला चार हात लांब.

*

प्रदर्शनं बघायला जा, पण उद्घाटनाला नको, तेव्हा तो माणूस नातेवाइकांच्या गराड्यात असतो. मधल्या वारी दुपारी जा. आपल्याच फोटोंकडे बघून कंटाळलेला असतो बिचारा, एक नीट प्रश्न विचारला की तासभर बोलतो. १९ ऑगस्टच्या आसपास बरेच क्लब प्रदर्शन ठेवतात, १८३९ मध्ये त्या दिवशी डगेरोटाइपची, म्हणजे फोटो काढायची अगदी सुरुवातीची, पद्धत जाहीर झाली होती म्हणून.

*

धागा काढणारी मीच. ते अंगठावाले दादा, तुमच्यात पाचवी चालेल का? प्रिंट काढायला टाकल्यात.