दारू सुटत नाही, त्यात मेंदूतल्या प्रथिनाचा वाटा किती आणि माणसाचा किती?

अनवट
माझे बाबा दारूने गेले. शेवटची दोन वर्षं आई त्यांना सकाळचा चहा स्टीलच्या पेल्यात द्यायची, तोही अर्धाच. कप दिला तर बशीवर खडखड वाजायचा आणि निम्मा चहा सदऱ्यावर सांडायचा. येणारा जाणारा एकच विचारायचा, "मनावर का घेत नाहीत?" मीही तेच विचारायचो.

स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात मार्कुस हाइलिग यांच्या गटाने केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याबद्दल नुकतंच वाचलं. दारूची चव लागलेल्या उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले: दारू किंवा सॅकरिनचं गोड पाणी. बहुतेक गोड पाण्याकडे वळले. साधारण १५ टक्के मात्र दारूच घेत राहिले, पायाला विजेचा झटका बसला तरी. त्यांच्या मेंदूत अमिग्डला नावाच्या भागात गॅट-३ हे प्रथिन कमी होतं. गाबा या रसायनाचा पेशींबाहेर साचलेला साठा उचलून नेणं हे त्याचं काम. मग गोड पाणी निवडणाऱ्या उंदरांमध्ये संशोधकांनी हेच प्रथिन मुद्दाम कमी केलं, तर तेही दारूकडे वळले. दारूच्या आहारी गेलेल्या माणसांचे मृत्यूनंतर तपासलेले मेंदूही हीच कमतरता दाखवत होते.

मनावर घ्यायचं ते ज्या मेंदूने, तोच बिघडला असेल तर त्या माणसाला 'बेवडा' म्हणून हिणवणं हा अन्याय आहे. माझ्याकडून तो झाला.

मीना_सातारा
तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. तरी मला हे पटत नाही. "माझा मेंदूच तसा आहे, मी काय करू?" हे वाक्य मी नवऱ्याच्या तोंडून ऐकलंय, तेही पगाराचं पाकीट गुत्त्यावर रिकामं करून आल्यावर. प्रथिनाचं नाव कळलं असतं तर त्याने तेही सांगितलं असतं. आज सहा वर्षं तो पीत नाही. डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी दिली होती, रोज सकाळी माझ्यासमोर घ्यायचा. तोंड उघडून गोळी गिळायचं त्यालाच ठरवावं लागलं ना?

रातपाळी
मी नर्स आहे. मीनाताई, ती गोळीही प्रथिनावरच काम करते, फक्त यकृतातल्या. दारूपासून बनणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड पुढे फोडणारं एन्झाइम ती बंद पाडते. म्हणून वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं. ही गोळी कुणीही नकळत भाजीत मिसळून देऊ नये, जिवावर बेतू शकतं.

आता थरथरीबद्दल. गाबा हा मेंदूचा ब्रेक, ग्लुटामेट हा अ‍ॅक्सिलरेटर. दारू रोज ब्रेक दाबून ठेवते, म्हणून मेंदू तोल सांभाळायला गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेट पकडणारी प्रथिनं वाढवतो. रात्रीतून दारू उतरली की उरतो नुसता अ‍ॅक्सिलरेटर. मग हात कापतात, काहींना आकडी येते, भास होतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला "आजपासून एक थेंब नाही" अशी शपथ घालून घरी बसवतात, ते पेशंट आमच्याकडे रात्री दोनला येतात. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायला हवी.

वैनगंगा
मूळ मुद्दा निसटतोय. त्या प्रयोगात सगळ्या उंदरांना आधी दारू दिली होती. घशाखाली गेलीच नसती तर गॅट-३ कमी असून काय बिघडलं असतं? आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चोरून विकली जाते, मला माहीत आहे, मी नाकारत नाही. पण ज्या गावात बायांनी पहारा देऊन विक्री बंद पाडली, तिथे विशीतल्या पोराला पहिला घोट सहज मिळत नाही. मेंदू तपासायचा तर तपासा, पण आधी दुकान कुठे आहे ते बघा.

मीना_सातारा
वैनगंगा, शंभर टक्के सहमत. आमच्या आळीत शाळेच्या वाटेवरच गुत्ता होता.

अनवट
वैनगंगा, दुकानाचं मान्य. पण एकाच दुकानात जाणारे सगळे बाबांसारखे होत नाहीत. त्यांचे दोन मित्र बरोबरीने प्यायचे आणि वेळ आली तेव्हा सोडूनही मोकळे झाले. हा फरक कुठून आला ते मला हवंय. मीनाताई, तुमच्या घरचे सावरले याचा मनापासून आनंद आहे. पण जो सावरू शकला नाही त्याने ठरवलंच नसेल, असं मी आता म्हणणार नाही.

रातपाळी, तुमचा प्रतिसाद काल आईला वाचून दाखवला. गणपतीसमोर बाबांना शपथ घ्यायला तिनेच लावलं होतं. दुसऱ्या रात्री त्यांना आकडी आली. शपथ मोडायचा विचार मनात आला म्हणून देव कोपला, असं ती आजवर समजत होती. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "म्हणजे तेव्हा दवाखान्यात न्यायला हवं होतं?"