मदत हवी आहे: सांगलीहून बदली, नोकऱ्या ऐरोली आणि फोर्टला. घर कुठे घ्यावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, आधीच सांगते.

नवऱ्याची बदली ऐरोलीच्या आयटी पार्कात झाली आहे. मी विमा कंपनीत आहे. विनंती बदली मिळतेय, पण ती फोर्टच्या कार्यालयात. जवळची कुठलीही शाखा मागितली, 'जागा नाही' म्हणाले. म्हणजे एकाचं तोंड ऐरोलीकडे, दुसरीचं सीएसएमटीकडे. सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई. मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल, मुलगा पहिलीत. मुलगी सेमी-इंग्रजीत आहे, राज्य मंडळ, आणि मंडळ बदलायची तिची अजिबात तयारी नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण घरात बसायची सवय नाही. रोज सकाळी भाजी स्वतः आणतात, संध्याकाळी देवळात भजनाला जातात. मुंबईला यायला तयार झाल्या त्या एकाच अटीवर, 'मला कोंडून घालू नका.'

भाड्यानेच राहणार. टू बीएचके, मेंटेनन्स धरून ३५ हजारांच्या पुढे झेपणार नाही. गाडी आहे, पण मुंबईत ती चालवायची हिंमत दोघांतही नाही.

आतापर्यंतची नावं अशी:

घोडबंदर रोड, ठाणे. नवऱ्याला एका संकुलाचे फोटो फार आवडलेत. पोहण्याचा तलाव, क्लबहाउस, २२वा मजला.

खारघर. माझी मावसबहीण तिथे आहे, ती रोज फोन करून 'इकडेच या' म्हणते.

डोंबिवली. ऑफिसातले निम्मे मुंबईकर तिथलेच, आणि सगळे म्हणतात की मराठी शाळा हवी असेल तर दुसरीकडे बघूच नका.

रोजचा प्रवास, शाळा, पाणी आणि सासूबाईंचा दिवस, हे सगळं कुठे जमेल? त्या भागात राहणाऱ्यांनी लिहिलं तर बरं. इंटरनेटवर सगळी बिल्डरांचीच माहिती सापडतेय.

नौपाडेकर

ताई, आधी घोडबंदरचं सांगतो. पत्त्यात ठाणे असतं, पण कासारवडवली ते ठाणे स्टेशन दहा किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सकाळी तेवढंच अंतर कापायला कधी पाऊण तास तर कधी सव्वा तास. बसने जा, शेअर रिक्षाने जा, रस्ता तोच. गायमुखच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की त्या दिवसाचा हिशेबच ठेवू नका. म्हणजे तुम्ही लोकलमध्ये चढायच्या आधीच एक प्रवास झालेला असतो.

'मेट्रो येतेय' हे तुम्हाला एजंट सांगेलच. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४. तिचं काम २०१८ पासून चालू आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखच्या बाजूला चाचणीची गाडीही धावली. पण तिचा मार्ग नकाशावर बघा. कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी, तीन हात नाका करत ती मुलुंडकडे जाते, ठाणे स्टेशनात येतच नाही. तुम्हा दोघांनाही स्टेशनच गाठायचंय, तेव्हा ती झाली तरी शेवटची रिक्षा काही सुटत नाही.

फडकेरोड

डोंबिवलीचा आहे, तेव्हा बाजू घेतोय असं म्हणालात तरी हरकत नाही. :) सासूबाईंसाठी डोंबिवली. पूर्वेला गणेश मंदिर, भाजी दाराशी, भजनी मंडळं किती ते मोजू नका. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये इथूनच सुरू झाली. मुलीसाठी टिळकनगर विद्यामंदिरासारख्या जुन्या शाळा आहेत. आणि तुमच्या ३५ हजारांत स्टेशनपासून चालत अंतरावर लिफ्टची इमारत मिळून वर पैसे उरतील.

मिस्टरांना ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने, ऐरोली. तुम्हाला थेट सीएसएमटी, फास्टने तास-सव्वा तास.

मुंब्रापार

फडकेरोड, गर्दीचं लिहायचं राहिलं का मुद्दाम? ताई, सकाळी आठची फास्ट कल्याणहूनच भरून येते. लेडीज डब्यात शिरणं ही नव्या माणसाला शिकायला वेळ लागणारी गोष्ट आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं पडली, काही जण गेले. तेव्हापासून आमच्या घरात 'लटकून गेलास तर नोकरी सोड' असा नियम आहे. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांच्या वेळा पाठ करा आणि कार्यालयाची वेळ त्यावर बसवा. ते जमणार नसेल तर फोर्टपर्यंत रोज उभ्याने जायची तयारी ठेवा.

दुसरं, पूर्वेला घर घेतलं तर एमआयडीसीच्या लगत नको. २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात तिथे कारखान्यांत मोठे स्फोट झाले, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. भाडं कमी का आहे, याचं कारण कधीकधी हेच असतं.

फडकेरोड

मान्य. एमआयडीसीचं बरोबर आहे. गर्दीबद्दल एवढंच की आम्ही तीस वर्षं जातोय.

मुंब्रापार

तुम्ही तीस वर्षं जाताय. ताई एप्रिलपासून जाणार आहेत.

बेलपाड्याची

खारघरला बारा वर्षं आहे. रुंद रस्ते, डोंगर, सेंट्रल पार्क, पावसाळ्यात खिडकीतून धबधबे. सांगलीहून आलेल्या माणसाला इथे श्वास घेता येतो, हे खरं. मिस्टरांची सोयही चांगली, पनवेल–ठाणे लोकल खारघरला थांबते आणि न बदलता ऐरोलीला जाते. तुमचं मात्र कठीण. खारघरहून सीएसएमटीला जाणाऱ्या हार्बर मार्गाला फास्ट गाडीच नाही. सीएसएमटीपर्यंत प्रत्येक स्टेशन घेत सव्वा तास, आणि घर आतल्या सेक्टरला असेल तर स्टेशनपर्यंतची रिक्षा वेगळी.

नवी मुंबई मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, बेलापूर ते पेंधर, ११ स्टेशनं. उत्सव चौक, सेंट्रल पार्कच्या बाजूच्यांना उपयोग होतो. पण ती खारघर स्टेशनला जोडलेली नाही, लोकल पकडायला बेलापूरला उतरावं लागतं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

आणि पाणी. खारघरच्या पत्त्यात नवी मुंबई असली तरी महापालिका पनवेलची आहे, २०१६ ला झालेली, आणि पाणी सिडकोचं. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, तो आधार आम्हाला नाही. एप्रिल-मे मध्ये काही सेक्टरांत टँकर येतातच. इमारत बघायला जाल तेव्हा दलालाला विचारू नका, वॉचमनला विचारा, 'मे महिन्यात दिवसाला किती टँकर?' तो खरं सांगतो.

शाळा भरपूर, पण माझ्या बघण्यात बहुतेक सीबीएसई नाहीतर पूर्ण इंग्रजी. मुलीला सेमीच हवं असेल तर शाळा आधी शोधा, घर नंतर. मावसबहिणीला सांगा, शनिवार-रविवारी येऊ. :)

गुंतवणूकदार

उलवे बघा! अटल सेतू झाला, विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, खारकोपरला लोकल येते. पुढच्या पाच वर्षांत भाव कुठल्या कुठे जातील.

नौपाडेकर

त्या भाड्याने राहणार आहेत हो. भाव वाढले तर त्यांचं भाडंच वाढेल. आणि अटल सेतूवर गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये. त्यांनी गाडी चालवत नाही म्हणून लिहिलंय.

खाडीकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. ऐरोलीतच घर का नको, हे कुणीच विचारलं नाही याचं नवल वाटलं.

मी ऐरोलीत राहते. मोरबेचं पाणी. सिडकोने आखलेले सेक्टर, त्यामुळे प्रत्येक सेक्टरला भाजीवाले, दवाखाना, देऊळ चालत अंतरावर, तेही सपाटीवर. गुडघेदुखीवाल्यांना या सपाटीचं महत्त्व कळतं. नवी मुंबई महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय इथेच आहे. सेक्टर १५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे, तिथलं ग्रंथालय आठवीतल्या मुलीला नक्की आवडेल. मराठी माणूस पुष्कळ, सातारा-सांगलीकडचा तर फारच. सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गाववालं भेटेल.

मिस्टर रिक्षाने दहा मिनिटांत कामावर. तुम्हाला ठाण्यापर्यंत दहा-बारा मिनिटं, तिथे ९-१० नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पूल ओलांडून सीएसएमटीची गाडी. ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली तर बसायला मिळतं, वेळ तासाचा. फास्टने पाऊण तास, पण उभ्याने. घरापासून कार्यालयापर्यंत पावणेदोन तास धरून चाला. त्रास आहेच, पण तो तुमच्या एकटीचा.

आता मला खरं वाटतं ते लिहिते. तुम्ही दोघं सकाळी आठला जाल, रात्री आठला याल. मधले बारा तास त्या घरात सासूबाई आणि मुलं असणार. मुलाला शाळेत उलटी झाली, फोन आला, तर वीस मिनिटांत कोण पोचणार? फोर्टहून तुम्ही नाही पोचणार. दोघांपैकी एकाचं काम घराजवळ हवंच, आणि तुमच्या बाबतीत ते मिस्टरांचंच असू शकतं. डोंबिवलीला राहिलात तर दोघंही खाडीपलीकडे. घोडबंदरला तर दोघंही कोंडीत. तलाव छान असतो हो, पण तो बघायला दिवसाउजेडी घरी असावं लागतं.

तोटेही ऐका. स्टेशनजवळच्या कितीतरी इमारती जुन्या, चार मजली, बिनलिफ्टच्या. नव्या टॉवरात ३५ हजारांत जमणं कठीण. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोंडी होते. आणि डास. खाडी म्हटली की डास आलेच.

बेलपाड्याची

+१. मी खारघरची असून खाडीकाठला अनुमोदन देते. माझ्या सासूबाई १८व्या मजल्यावर दीड वर्ष राहिल्या आणि मग दिराकडे कोपरखैरण्याला गेल्या, बैठ्या घरात. इथे त्यांना लिफ्टमध्ये कुठलं बटण दाबायचं तेच कळायचं नाही, आणि विचारायची लाज वाटायची. कुणी वाईट वागलं नाही, पण त्या खाली उतरेनाशा झाल्या.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ऐरोली सुचलंच नव्हतं, कारण नवरा म्हणत होता की ऑफिसच्या शेजारी राहिलं तर सुट्टीच्या दिवशीही बोलावतील. :) आता तोही धागा वाचतोय. २२व्या मजल्याबद्दल गप्प आहे.

बेलपाड्याची, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'लिफ्ट चालेल, पण दुसऱ्या मजल्याच्या वर नको.'

दोन शंका. ठाण्यात नौपाड्याला राहिलो तर? माझी एक गाडी वाचेल आणि तिथल्या मराठी शाळांचं नाव ऐकलंय. आणि शाळेचा प्रवेश आधी घ्यायचा की घर आधी? शाळा पत्त्याचा पुरावा मागते आणि घरमालक विचारतो शाळा कुठे ठरली.

नौपाडेकर

नौपाडा म्हणजे माझं गावच, तेव्हा जपून लिहितो. तुमच्यासाठी प्रवासाला सगळ्यात उत्तम: चालत स्टेशन, तिथून एकच गाडी. मिस्टरांना उलट्या दिशेने ऐरोली. डॉ. बेडेकर विद्यामंदिर, सरस्वती मंदिर, मो. ह. विद्यालय सगळं हाकेच्या अंतरावर. आठवीत मधूनच जागा मिळेल का, ते शाळेत जाऊनच विचारावं लागेल. अडचण भाड्याची. ३५ हजारांत टू बीएचके मिळालं तर ते जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टशिवाय मिळेल. त्यातल्या बऱ्याच इमारती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. वर्षभरात घर रिकामं करा म्हणाले तर मुलांची शाळा तिथेच आणि तुम्ही बिऱ्हाड पाठीवर घेऊन. 'सोसायटीने बिल्डर नेमलाय का?' हा प्रश्न घर बघायच्या आधी फोनवरच विचारा.

खाडीकाठ

शाळेचं असं करा. सीबीएसई शाळा एप्रिललाच सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्याला. तुम्हाला राज्य मंडळ हवंय, म्हणजे दोन महिने हातात आहेत. मिस्टर एप्रिलमध्ये एकटे येऊन कुठेतरी पीजीत राहू देत. तुम्ही मुलीची परीक्षा झाल्यावर एका कामाच्या दिवशी, रविवारी नव्हे, इकडे या. सकाळी साडेसातला ऐरोली स्टेशनवर उभ्या राहा आणि फोर्टला जाऊन दाखवा स्वतःला. त्याच दिवशी दोन-तीन शाळांत जागा आहे का विचारा. निकाल लागला की सांगलीच्या शाळेतून दाखला काढा, आधी नको. नव्या शाळेचा होकार आल्यावरच काढा.

घराचा ११ महिन्यांचा करार नोंदवूनच घ्या. ऑनलाइन होतो, अंगठ्याला माणूस घरी येतो. शाळा, बँक, गॅस सगळीकडे पत्त्यासाठी तोच लागतो. घरमालक 'साध्या स्टॅम्प पेपरवर करू, पैसे वाचतील' म्हणाला तर दुसरं घर बघा. एजंट एक महिन्याचं भाडं घेईल, त्यावर घासाघीस चालते. सासूबाईंना सोबत आणा. घर आवडलं का ते त्यांना विचारू नका, खाली जाऊन भाजी घेऊन या म्हणा, आणि किती वेळात परत येतात ते बघा.

कृष्णाकाठची

हे आवडलं. परीक्षा १० एप्रिलला संपते, त्यानंतरच्या सोमवारी येतो. नौपाड्याची दोन घरं आणि ऐरोलीची जमतील तेवढी बघणार. खाडीकाठ, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, कुठले सेक्टर सपाट आणि स्टेशनपासून चालत आहेत तेवढं सांगाल का?

खाडीकाठ

केलाय. मच्छरदाणी घेऊन या.